चिमणी ओरडायच्या आत

आमच्या मालकांना सेकंद मोजायला घड्याळ लागायचं नाही. ते पाट्या मोजायचे. एक पाटी, दोन पाटी, तीन पाटी. ओठ हलायचे, आवाज नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलताय आणि त्यांचे ओठ हलतायत, म्हणजे समजायचं की तुमचं बोलणं किती लांबलं ते मोजणं चालू आहे. एकदा मी नळाला पाणी येत नाही अशी तक्रार घेऊन गेलेलो. माझ्या पद्धतीनं सांगितलं, म्हणजे सकाळी उठलो तिथपासून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोलले, "चालीस पाट्या झाल्या, पावन्या. नलाला पानी नाय, तीन पाट्यांचा काम होता."

पाटी म्हणजे मिठाची पाटी. मालक मूळचे कोपरचेच, चाळ होती त्याच गावचे. खाडीकडेला त्यांच्या घराची मिठागरं होती. लहानपणी ते डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालायचे, सगळ्या माणसांच्या रांगेत. एका जागी उभं राहून बघितलं तर समोरून एक पाटी जाते, मग दुसरी येते. त्या दोघींच्या मधला वेळ म्हणजे एक पाटी. पुढे त्यांनी एका शाळेतल्या पीटीच्या सरांकडून जुनं स्टॉपवॉच आणलं तेव्हा आम्ही ताडून बघितलं. दहा पाट्यांना दहा सेकंद. फार तर अर्धा इकडे तिकडे.

नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, त्या एका गल्लीत त्या नावाची चार माणसं होती आणि चौघंही मालकच. आम्ही भाडोत्री त्यांना मालक म्हणायचो आणि ते आम्हाला पावने. अकरा खोल्यांची चाळ, अकरा पावने. मी तिथे चौदा वर्षं राहिलो. माझी मुलगी तिथे जन्मली, मुलगा तिथे जन्मला. मुलगी पहिल्या दिवसापासून "आमची बाय", बायको पण बाय, मुलगा "आमचा पोऱ्या". मी शेवटपर्यंत पावना. म्हणजे माझ्याच घरात मी एकटा बाहेरचा.

मी एमआयडीसीत कलरच्या कंपनीत हेल्पर होतो. शिक्षण विचाराल तर दुसरीत दोन वर्षं होतो, म्हणजे चौथी धरायला हरकत नाही. सही येते. आकडे वाचता येतात, लिहिता येतात. अक्षर मोठं असेल आणि कोण घाई करत नसेल तर तेही जमतं. हे आता मी सांगतोय आणि मुलगी लिहून घेतेय. मधेमधे हसतेय, त्याला माझा इलाज नाही.

जमिनी विकल्या गेल्या तेव्हा मालकांच्या एका भावानं जीप घेतली. दुसऱ्यानं गळ्यात साखळी घातली, ती एवढी जाड की बोलताना मान पुढे यायची. मालकांनी सोल्डरिंगची गन घेतली आणि इंग्रजी पुस्तकं. मालक चौथी पास. इंग्रजीचा आणि त्यांचा संबंध माझ्याएवढाच. मी विचारलं, मालक ही वाचता कशी? बोलले, "अक्षरा नाय वाचत. नकशे वाचतंय." पुस्तकातल्या त्या तारांच्या चित्रांवर बोट ठेवून बसायचे तासन् तास. कल्याणला एका रेडिओवाल्याच्या दुकानात दोन वर्षं नुसतं बघत बसलेले, तेवढीच त्यांची शाळा.

रिपेरिंग करायचे, पण ते त्यांच्या मनासारखं. माझा टेप बिघडला तो त्यांच्याकडे दिला. महिन्यानं परत मिळाला. वाजायचा एकदम झकास, पण पालथा ठेवला तरच. मी दाखवायला गेलो तर बोलले, वाजतो ना? मग पालथा ठेव. तो टेप पुढे सात वर्षं आमच्याकडे पालथा वाजला. पाहुणे सरळ करायला जायचे, आम्ही ओरडायचो.

पण मालकांचं खरं वेड वेळेचं. चाळीला संडास दोन आणि सकाळी रांग ही एवढी. मालकांनी काय करावं? तेव्हा दाराला लावायच्या त्या चिमणीसारख्या ओरडणाऱ्या बेल निघालेल्या. त्यांनी तसली एक बेल संडासाला बसवली. कडी लावली की आतल्या आत वेळ सुरू. चार मिनिटं झाली की चिमणी ओरडणार. पहिल्या दिवशी पहिली चिमणी कोणावर ओरडली हे सांगायला नको. मी बाहेर आलो तर रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी मालकीणबाईंकडे तक्रार केली आणि तिसऱ्या दिवशी बेल उतरवली. चिमणी गेली, नाव राहिलं. चाळीतली पोरं मला चिमणीकाका म्हणायला लागली.

मी हळू आहे. हे मी आधीच मान्य करतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. कंपनीत पहिल्या पाळीत कोणी जोक सांगितला तर मी डबा खाताना हसतो. लग्नात अंतरपाट खाली आला, बायकोनं माझ्या गळ्यात हार घातला, आणि मी हार हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो. भटजींनी मंगलाष्टकाच्या चालीतच मला आठवण करून दिली. बायको अजून म्हणते, मला वाटलं ह्यांना पसंत नाही. पसंत होती. हार कुठल्या बाजूनं धरायचा ते बघत होतो.

तर संडासातून उतरवलेली ती चिमणी मालकांनी फुकट घालवली नाही. ती त्यांनी डब्यात घातली.

डबा म्हणजे फळीचा, बुटाच्या खोक्याएवढा. वर डाव्या हाताला सात बारके लाल दिवे, उजव्या हाताला सात. मधे एक खटका. खटका दाबला की दोन्हीकडचे दिवे वेड्यासारखे लुकलुकायचे आणि थांबले की दोन फासे दिसायचे. इकडे तीन ठिपके, तिकडे पाच, असे. आपण दोन्हीची बेरीज ओरडायची आणि डब्यावर थाप मारायची. दोन्ही फासे सारखे आले तर तोंड बंद ठेवून नुसती थाप. थाप वेळेत पडली नाही तर चिमणी. बेरीज चुकली तर बाकीचे आहेतच आरडाओरडा करायला. प्रत्येकाला पाच चिंचोके. चिमणी ओरडली की एक चिंचोका शेजाऱ्याला. डबा एका हातातून दुसऱ्या हातात असा फिरायचा की बोलायला फुरसत नाही.

मालकांच्या घरात पूर्वी बावीस माणसं एका पंगतीला जेवायची. जमिनीनंतर तीन भावांच्या तीन चुली झाल्या आणि तीन टीव्ही. मालक त्यावर कधी बोलले नाहीत. एकदाच बोलले, ते पण दिव्याला डाग देताना, माझ्याकडे न बघता. "टीवीसमोर सगली एके बाजूला बघतात. मना समोरासमोर बसवायची हायत."

भाऊ हसायचे. साखळीवाला भाऊ विचारायचा, दादूस, तुझी संडासाची चिमणी कुठपर्यंत आली? एकदा भर ओटीवर, सगळ्यांसमोर, मालक बोलून बसले की दिवाळीला हा डबा ठाण्याच्या दुकानात दिसेल. खोक्यात. वर चित्र असेल, हसणाऱ्या घरातल्या माणसांचं. भावानं टाळी मागितली. मालकांनी दिली नाही. पण शब्द गेलेला.

आता सगळं अडलं होतं ते चिमणीवर. चिमणी किती वेळानं ओरडायला पाहिजे? उशिरा ओरडली तर खेळात मजा नाही. लवकर ओरडली तर लहान पोरं, म्हातारी माणसं बाद. डब्याच्या आत एक बारका स्क्रू होता, तो फिरवला की वेळ कमी-जास्त व्हायचा. तो कुठे थांबवायचा?

मे महिन्यात एका रविवारी दुपारी त्यांनी अकराही खोल्यांतल्या माणसांना ओटीवर बोलावलं. एकेकाला डब्यासमोर बसवलं, हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. दोन दिवसांनी माझ्या खोलीत आले, खाटेवर बसले, चहा मागितला. बोलले, "पावन्या, तुझी निवड झाली."

मी कंपनीत सगळ्यांना सांगितलं. इलेक्ट्रॉनिकच्या कामात निवड झाली, अकरा जणांतून. सुपरवायझरनं हात मिळवला. मी चौघांना वडापाव खिलवला. दर रविवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर जायचो, बायकोमुलांना घेऊन. मालक वही काढून माझे सेकंद लिहायचे. मला वाटायचं, माझ्या डोक्याचा अभ्यास चाललाय.

तिसऱ्या रविवारी माझ्या मुलीनं विचारलं की आमच्या बाबांनाच का घेतलं? ओटीवर वीस तरी पोरं होती. मालकांनी तिला नीट समजावलं. मिठागरात बांध एवढा अरुंद की एकावेळी एकच माणूस. पुढच्याला ओलांडायला गेलं की पाटीसकट चिखलात. म्हणून सगळ्यात हळू माणूस पुढे ठेवायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीनं चालायचं. मग रांग तुटत नाही. "म्हनून तुझे बापाला फुढं ठेवलाय," ते बोलले. "यो पोचला तं सगली पोचतील."

पोरं हसली. मुलगी हसली नाही. ते जास्त लागलं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी खटका दाबला, दिवे थांबले, मी ठिपके मोजायला लागलो, आणि कानात हळूच आवाज आला, "नऊ, बाबा." मुलगी. माझ्याकडे बघत पण नव्हती, समोर बघून ओठ न हलवता सांगत होती. चौथीतली पोर. मी "नऊ" ओरडलो, थाप मारली, चिमणी गप्प. मालकांनी लिहिलं. कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या ल्युडोमधला एक फासा खिशात घातला. एक फासा कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतला. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत पिंपांच्या मागे जाऊन बसायचो आणि माझ्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात फासे टाकायचो. बेरीज मला येत नाही. तीन आणि पाच किती, हे तुम्ही आता विचारलं तरी मी आधी खाली बघेन. म्हणून मी बेरीज केलीच नाही. चित्रं पाठ केली. तिरके तीन ठिपके आणि त्याच्या बाजूला पाच, की तोंडातून आठ. चार आणि सहा, की दहा. एकूण एकवीस जोड्या होतात, मी मोजल्या. त्यातल्या सहा सारख्या, म्हणजे गप्प बसायच्या, त्या मला पहिल्यापासून यायच्या.

इकडे घरात ल्युडोचा फासा हरवला म्हणून बोंबाबोंब. मुलानं मुलीला धरलं, मुलीनं मुलाला. दोघांनी आईचा मार खाल्ला. मी बापासारखा बाप, दोघांना समजावलं की वस्तू जपून ठेवायला शिका.

पावसाळाभर मी हे केलं. आणि दर रविवारी मालकांच्या वहीत माझा आकडा उतरत गेला. पहिल्या दिवशी मला सहा सेकंद लागलेले. मग पाच. मग चार. मालक खूष. ते मला काही बोलले नाहीत, पण साखळीवाल्या भावाला वही दाखवताना मी ऐकलं. खेळानं माणूस सुधारतो, म्हणत होते, हा पावना बघ, जूनमध्ये कसा होता आणि आता बघ. मला गोड वाटलं. मुलगी कानात सांगायची बंद झालेली. एकदा तर ती तीनावर अडकली तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी म्हटलं, हे सगळं वसूल झालं.

आणि मालक प्रत्येक वेळी स्क्रू थोडा पिळत होते. माझ्या चालीनं. गणपती झाले तेव्हा चिमणी अडीच सेकंदावर आलेली.

मला हे कळत होतं का? कळत होतं. खोटं कशाला सांगू. पण मी हळू माणूस आहे, कळल्यावर करायला पण मला वेळ लागतो.

मालकांनी गाठलेले शेठ ठाण्याचे, खेळण्यांचे घाऊक व्यापारी. राहायला ठाण्यातच, कोपरीत. त्यांनी मालकांना सांगितलेलं, दुकानात नको, रविवारी घरी घेऊन या, माझ्या फॅमिलीत चालला तर दुकानात चालेल. मालकांनी पांढरा शर्ट घातला, टोपी घातली, डबा नव्या टॉवेलात गुंडाळला. मला बरोबर घेतलं. मालकीणबाईंनी शेठच्या घरी द्यायला म्हणून पाव किलो सोडे बांधून दिले, चांगले, स्वतः वाळवलेले. शेठच्या दारात पोचलो आणि आतून अगरबत्तीचा वास आला, भिंतीवर सगळीकडे देव. मालकांनी सोड्यांची पिशवी गुपचूप माझ्याकडे सरकवली. मी ती दोन पायांच्या मधे धरून बसलो. वाळलेली कोलंबी किती गप्प बसणार? शेठची आई सारखी खिडकीकडे बघत होती.

मालकांनी डबा उघडला, खेळ सांगितला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलले, "यो माजा सगल्यान हलू मानूस. याला जमतं तं कुनालापन जमंल."

शेठनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांना पटलं. माझा चेहरा बघून कोणालाही पटलं असतं.

खाली चटईवर बसलो. शेठ, त्यांची बायको, नऊ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि मी. मालक स्टॉपवॉच घेऊन बाजूला. पहिला डाव त्या मुलीचा. तिनं खटका दाबला आणि दिव्यांवर बोट ठेवून मोजायला लागली, एक, दोन, आणि चिमणी. सगळे हसले, ती पण हसली. मग मुलगा, चिमणी. मग शेठची बायको, चिमणी. शेठचा सगळा धंदा तोंडी हिशोबावर, पण त्यांना सारखे फासे आले आणि ते "आठ" ओरडले, थाप मारायची राहिली. चिमणी. मग मी. "अकरा." थाप.

दुसऱ्या फेरीत मुलगी हसली नाही. तिसऱ्या फेरीत ती रडली. मी तिथेच थांबायला पाहिजे होतं. थोडा खोकलो असतो तरी चाललं असतं. पण डबा माझ्याकडे आला की चित्र दिसायचं आणि तोंड उघडायचं. "पाच." थाप. "दहा." थाप. पावसाळाभर पिंपांच्या मागे बसून जे भरलेलं ते बाहेर येत होतं, आणि खरं सांगतो, मला मजा वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणापेक्षा तरी जलद होतो. मधेच मालकांकडे नजर गेली. त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं, पण ते बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, आणि ओठ हलत होते. दोन पाट्या. दोन पाट्या.

शेवटी सगळे चिंचोके माझ्यापुढे.

शेठनी त्या ढिगाकडे बघितलं. मग मालकांना बोलले, "हा तुमचा सगळ्यात स्लो माणूस ना? मग आमची फॅमिली काय आहे?"

माणूस सज्जन होता, त्यानं चहा पाजला. एक तोडगा पण दिला, की मागच्या बाजूला एक बटण ठेवा, स्लो आणि फास्ट, मग विचार करू. मालकांनी मान हलवली. बोलले, "मंग मोठी मानसा आपल्यासाठी हलू लावतील आन पोरांची मजा बघायला जलद. घरान एकच चाल पायजे." शेठ बोलले, मग नाही चालणार. चिंचोके माझ्या खिशात गेलेले, कसे गेले मला माहीत नाही. निघताना मी ते शेठच्या मुलीला द्यायला गेलो, तिनं हात मागे घेतले. सोडे मात्र परत आले. आठवडाभर मालकांच्या घरात सोडेच होते, आणि साखळीवाला भाऊ ओटीवर येऊन विचारायचा, दादूस, शेठला आवडले नाहीत का?

परत येताना मालक खिडकीशी बसलेले. डबा मांडीवर.

मला वाटलं, मला विचारतील. विचारलं नाही. त्यांनी डब्यावरच संशय घेतला. दुसऱ्या दिवसापासून ओटीवर डबा उघडा. आतला कपॅसिटर बदलला. मग दुसरा पार्ट बदलला. मग सगळ्या तारा काढून परत डाग दिले. कामावर जाता-येता मी बघायचो. स्टॉपवॉच डब्याशी लावायचे, पाट्या मोजायचे, डोकं हलवायचे. आकडे बरोबर येत होते आणि तेच त्यांना पटत नव्हतं. दिवाळीला अठरा दिवस राहिलेले. आठव्या दिवशी मी बघितलं तर ते चिमणी काढून हातात घेऊन बसलेले, जसं मेलेलं पाखरू धरतात तसं. मी वर खोलीत गेलो, दोन फासे आणले आणि त्यांच्यासमोर ठेवले.

सांगायला मला किती पाट्या लागल्या माहीत नाही. ह्यावेळी त्यांनी मोजल्या नाहीत.

"किती दिस?"

"पावसाळाभर, मालक."

"कोनी सांगतला?"

"कोणी नाही. पोरगी कानात सांगायची, ते नको वाटायचं."

त्यांनी फासे उचलले, टाकले. परत उचलले. "येवरी मेहनत शालंन केली असतीस," ते बोलले, "तं आज मी तुझा भारोत्री असतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग बोलले, "बांधावरचा फुढचा मानूस चोरून धावायला शिकला, तं मागची सगली चिखलान जातात. तुला कोन बोलनार? तू तं धावलास."

मी मान खाली घालून उभा. वाटलं, आता खोली खाली करायला सांगतील. पण ते वही उघडून बसलेले. त्यांनी माझ्या पानावर एक आडवी रेघ मारली आणि बोलले की तू बाद, आता दुसरा हळू माणूस शोधायला पाहिजे. कोण? चाळीतली सगळी माणसं पावसाळाभर खेळून तरबेज झालेली. आम्ही दोघं एकेकाचं नाव घेत गेलो. पाच नंबरची आजी सुद्धा माझ्यापेक्षा जलद. मग मला एकदम सुचलं. माझ्या मानानं एकदमच म्हणायचं, अर्धा तास झालेला.

"मालक, तुम्ही कधी खेळलात?"

ते कधीच खेळले नव्हते. एवढ्या महिन्यांत एकदाही नाही. दर वेळी वही आणि स्टॉपवॉच घेऊन बाजूला. त्यांनी चिमणीला परत जागेवर लावलं, स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं, वही माझ्यापुढे सरकवली, आणि डब्यासमोर मांडी घालून बसले.

खटका दाबला. दिवे थांबले. मालक बघत होते. ओठ हलत होते, मला वाटलं बेरीज करतायत. डोळे ठिपक्यांवर नव्हतेच. ते एकेका दिव्याकडे बघत होते, सगळे सारखे पेटलेत का, कुठला मंद आहे का. मग आठवल्यासारखं बोलले, "सात," आणि थाप मारली. पाच वेळा खेळले. पाचही वेळा असंच. एकदा तर थाप मारायच्या आधी एक दिवा बोटानं पुसला.

"किती?" त्यांनी विचारलं.

स्टॉपवॉचमध्ये नऊ होते. माझ्या पहिल्या दिवसाचे सहा. त्यांचा अंगठा अजून खटक्यावर होता, मिठानं फाटलेला जाड अंगठा.

"पाच," मी बोललो. आणि वहीत पाच लिहिलं. आयुष्यात एकदाच कोणी मला वहीत लिहायला दिलं, आणि ते पण मी खोटं लिहिलं.

मालकांनी वहीकडे बघितलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि चिमणी पाच सेकंदांवर बसवली.

शेठकडे ते परत गेले नाहीत. दिवाळीत डबा कुठल्याच दुकानात दिसला नाही. साखळीवाल्या भावानं आठवण करून दिली, मालकांनी ऐकून घेतली. पण त्यांनी अजून दोन डबे बनवले, म्हणजे तीन चुलींना तीन. आणि भाऊबीजेला एकाचा खटका अडकला, दुसऱ्याचे सेल उतरले, म्हणून तिन्ही घरांची माणसं एकाच डब्याभोवती मालकांच्या ओटीवर बसली. समोरासमोर. आम्ही पावने पण होतो. साखळीवाला भाऊ सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी परत टीव्ही.

त्या दोन दिवसांत मालक प्रत्येक डावात पहिले बाद व्हायचे. चिमणी ओरडायची, पुतणे टाळ्या वाजवायचे, मालकांचा चिंचोका जायचा. दर वेळी ते माझ्याकडे वळून विचारायचे, "घड्याल बरोबर होता ना, पावन्या?"

"हो मालक."

पुढे मी विठ्ठलवाडीला स्वतःची खोली घेतली. सामान टेम्पोत चढवलं तेव्हा मालक डबा घेऊन आले. टॉवेलात गुंडाळलेला, तोच टॉवेल. बोलले, बायला दे, म्हणजे माझ्या मुलीला. मला काही नाही. नंतर काही वर्षांनी मालक गेले.

डबा अजून चालतो. सेल बाहेरून बदलता येतात, म्हणून आत बघायची कधी गरज पडली नाही. गेल्या वर्षी डाव्या हाताचा एक दिवा गेला, तेव्हा मी पहिल्यांदा झाकणाचे स्क्रू काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं दोन आकडे लिहिलेले. वर नऊ. त्याच्याखाली पाच. पाचाभोवती गोल.

आकडे मला वाचता येतात. पण काय वाचलं ते कळायला मला त्या दिवशी पण वेळ लागला. दिवा हातात धरून बसलो होतो, तेव्हा आठवलं, खेळताना त्यांचे ओठ हलत होते. ते बेरीज करत नव्हते.

तो बारका स्क्रू समोरच होता. ड्रायव्हर माझ्या हातात होता. मी दिवा बदलला आणि झाकण लावलं.

नात म्हणते, आजोबा, हा जरा फास्टच आहे. मी तिला सांगतो, सेल नवीन आहेत.